सकाळची पुडी

डॉक्टर सुलेखाबाईंसमोर बसल्यापासून मनकर्णाबाईंच्या ओठांत जप होता, पण माळेचा मणी पुढं सरकत नव्हता. आठ महिन्यांपूर्वी खड्यांपायी पित्ताची पिशवी काढली, तेव्हापासून जेवण पोटात ठरत नव्हतं. अंगावरची पोलकी ढगळ झाली होती. सून तनुजा रजा टाकून त्यांना पडेगावहून घेऊन आली होती.

रिपोर्टात गाठबीठ नव्हती. आतड्याच्या आतल्या अस्तराला मात्र सूज होती. पिशवी होती तोवर पित्त साठून राहायचं, आता ते दिवसभर थेंब थेंब गळतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. पित्त साबणासारखं असतं. जेवणातलं तूप-तेल फोडतं, पण जास्तीचं खाली उतरलं की आतड्यावरचा राखणीचा चिकट थरच धुऊन काढतं. त्यांनीच दिलेल्या पुडीतली पावडर ते पित्त धरून ठेवते, पण ती जेवणाबरोबर गेली तरच.

"दोन्ही वेळा जेवतानाच घेता ना?"

"व्हय," म्हणून मनकर्णाबाईंनी पदर सारखा केला.

"नाही मॅडम," तनुजा हळूच म्हणाली, "आत्या सकाळी जेवतच नाहीत. पुडी तीर्थाबरोबर घेतात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणजे सकाळची पुडी वाया जात होती, आणि दिवसभराचं जेवण संध्याकाळी एकदम आतड्यावर पडत होतं. असंच चाललं तर भरती करावं लागेल, असं त्यांनी बजावलं.

मनकर्णाबाईंच्या डोळ्यांपुढं मात्र विशाखा होती. गंगापूरला दिलेली त्यांची लेक. दोनदा पोटातलं गेलं, आता सातवा महिना. दिवस राहिल्याचं कळलं त्या दिवसापासून त्यांनी एकभुक्त धरलं होतं. दिवे लागल्यावर एकदाच जेवायचं, लेकरू हातात येईपर्यंत.

परतताना रिक्षात त्या पुटपुटल्या, "मोडलं अन् पोरीला काही झालं तर?"

तनुजानं त्यांच्या मांडीवरची औषधांची पिशवी आपल्याकडं घेतली. मग म्हणाली, "तुमचा गुडघा फ्रॅक्चर झाला तेव्हा तुमचे सोमवारचे उपास मामंजींनी धरले होते. तुम्हीच सांगितलंय. हे एकभुक्त मला द्या."

"तुला भूक निघंल? चतुर्थीला साबुदाणा भिजंस्तोवर दोन केळी खातीस तू."

"तीन," तनुजा म्हणाली. "तरी द्या."

दुसऱ्या दिवशी देवापुढं तनुजाच्या ओंजळीत पाणी सोडून मनकर्णाबाईंनी व्रत तिच्याकडं सोपवलं. तनुजा ऑफिसला गेली, तिचा डबा ओट्यावर पालथाच राहिला. तिथं कुणी समोसा पुढं केला तर? विचारणंही बरं नव्हतं, जिला व्रत दिलं तिच्यावरच अविश्वास दाखवल्यासारखं व्हायचं.

ताटात भाकरी आणि मुगाचं वरण होतं. शेजारी पावडर ढवळलेला पेला, तळाशी बारीक वाळूसारखी बसलेली. त्यांनी घास मोडला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. तेवढ्यात फोन वाजला. विशाखाचा.

"आई, वहिनीनं सगळं सांगितलं. जेवलीस का?"

पाच महिने याच वेळेला त्या लेकीला खोटं 'व्हय' सांगत आल्या होत्या.

"नाय अजून. आधी तू पोटावर हात ठेव अन् सांग, हलतंय का?"

पलीकडं बांगड्या वाजल्या.

"हलतंय. तू जेव आता."

फोन कानाशी तसाच धरून त्यांनी घास तोंडात घातला, आणि पेला उचलला.