बाबांचा चकोट

उद्या तपासणी म्हणून बाबा आजच बेव्हर्ली पार्कच्या सलूनमधून डोक्याचा चकोट करून आले. मी भडकलेच.

"मागच्या वेळी डोकं भादरूनच कवटीला भोक पाडलेलं ना?" ते म्हणाले. "मेंदूतल्या गाठीचा तुकडा काढायचा तर केस आड येणारच."

"या वेळी नुसतं रक्त घेतायत, किती वेळा सांगू?"

त्यांना ते पटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सिस्टरने दंडाला पट्टा बांधला, दोन नळ्या रक्त काढलं आणि कापूस लावला. बाबा भादरलेलं डोकं पुढे करून तसेच बसून.

"झालं, काका. गाठीचे बारीक अंश रक्तात उतरतात, तेच शोधायचेत. पद्धत नवीन आहे, अजून अभ्यास चालू आहे."

"एवढ्यावर डोक्यातलं कळतं?" बाबा त्या नळ्यांकडे बघतच राहिले. "कमाल आहे पोरांची!"

घरी आलो तर गेटवर शेजारचे शाहभाई थबकले. घरातलं माणूस गेल्यावरच कोणी असं डोकं भादरतं.

त्यांनी हळूच विचारलं, "लवूभाई, कौन गुज़र गया?"

बाबांनी बाही वर करून कापूस दाखवला.

"कोई नहीं, शाहभाई. मैं भी नहीं."