शंभर ट्रिलियन आणि वरचा एक

मिहीरने वरदाला लग्नाचं विचारलं तेव्हा पाकिटात शंभर ट्रिलियन डॉलर होते. झिम्बाब्वेचे, एकाच नोटेत. त्या देशात शेवटी शेवटी त्या नोटेत बसचं तिकीटसुद्धा येत नव्हतं.

"हुंडा मी देतोय," तो पाकीट पुढे करत म्हणाला. साउथहॅम्प्टनच्या बंदराजवळचा बाक, समोर गावाएवढं क्रूझचं जहाज. वरदा इतकी हसली की सीगलने तिची चिप्स पळवली तेही तिला कळलं नाही. मग तिने पाकीट उलटं करून झटकलं.

"वरचा एक कुठाय?"

"कसला एक?"

"अरे, शुभकार्याला एकशे एक देतात, पाचशे एक देतात. शून्यावर आलं की संपलं. वरचा एक म्हणजे येणंजाणं चालू राहणार. इथे तर चौदा शून्यं आहेत! तो एक आण, मग हो म्हणते."

वरदा पुण्याहून आलेली, हॉस्पिटलात डॉक्टर. मिहीर इथेच जन्मलेला, बंदरात कुठला कंटेनर कुठल्या कंटेनरवर रचायचा ते ठरवायचा. त्याला वाटलं, जोक आहे. जोक तो छान सांभाळायचा.

"एक कुठवर आला?" ती विचारायची.

"हरारेहून निघालाय. चालत येतोय, वेळ लागणार."

पहिल्या दिवाळीला ती हसली. पुढच्या दिवाळीला तिने नुसतं 'हं' केलं. त्यानंतर विचारणं बंद झालं. मिहीरला वाटलं, चला, विषय मिटला. मिटलाच होता.

बाकी त्या पैशाबद्दल तो तासन् तास बोलायचा. नोटांवर एकावर एक तोललेले दगड असतात, ना सिमेंट, ना चुना. सरकारने तीनदा शून्यं कापली, मध्ये तर दुधाच्या बाटलीवर असते तशी एक्स्पायरी डेट छापलेल्या नोटा काढल्या, पण दगड काही हलले नाहीत.

"आपल्यावर कुठली तारीख आहे?" वरदाने एकदा विचारलं होतं.

"आपण? आपण दगड," मिहीर म्हणाला होता, आणि स्वतःच हसला होता.

गेल्या महिन्यात तिने सांगितलं, केंब्रिजला नोकरी मिळाली. आणि तिथे यशोधन आहे.

"कसा आहे?"

"विचारलं की उत्तर देतो."

मग मात्र मिहीर एक डॉलर शोधायला लागला. लंडनच्या एका जुन्या नाण्यांच्या दुकानात सापडला, १९८०चा. देश नुकताच जन्मला होता तेव्हा, आणि हा एक डॉलर अमेरिकेच्या डॉलरपेक्षा भारी होता. एका बाजूला दगडी पक्षी, दुसऱ्या बाजूला ग्रेट झिम्बाब्वे या जुन्या दगडी शहरातला गोल बुरूज. दुकानदार म्हणाला, त्या बुरुजाला दार नाही. आत खजिना असेल म्हणून लोकांनी खणून पाहिलं, तर आत खोलीच नाही. नुसता दगड.

मिहीरने ते मनावर घेतलं नाही. वरदा शब्दाची पक्की. एक आण, हो म्हणते, असं ती म्हणाली होती. एक आणला होता.

शनिवारी तो तिच्याकडे पोचला तेव्हा दारात व्हॅन होती आणि जिन्यात एक माणूस सोफ्याचं एक टोक धरून उभा होता.

"मिहीर ना? मी यशोधन. बरं झालं आलास, जरा ते टोक धरतोस?"

मिहीरने धरलं. दुसरं काय करणार? तीन मजले खाली, व्हॅनपर्यंत. "सांभाळ, पाय बघ," यशोधन प्रत्येक वळणावर सांगत होता. चिडावं असं काहीच त्याच्यात नव्हतं. हे फार वाईट झालं.

तो परत वर गेला तेव्हा रिकाम्या किचनमध्ये वरदा कपाटं पुसत होती. मिहीरने तिच्यासमोर नाणं ठेवलं.

"आला," तो म्हणाला. पुढचा जोक तोंडापर्यंत आला होता, तो त्याने गिळला. "आता हो म्हण. वरदा, मी सिरीयस आहे."

वरदाने नाणं उचललं. बराच वेळ तो बुरूज पाहिला. मग पर्समधून पासपोर्ट काढला. त्यात ती नोट होती, घडी करून. इतकी वर्षं.

"मला झिम्बाब्वेचा डॉलर कुठे हवा होता रे?" ती म्हणाली. "कुठलंही नाणं चाललं असतं. सुपरमार्केटच्या ट्रॉलीत अडकवायचा पाउंड होता ना तुझ्या खिशात, त्या संध्याकाळी? तो टाकायचास."

मिहीरला आठवलं. होता.

तिने नोट परत पासपोर्टात ठेवली. नाणं त्याच्या तळहातावर ठेवून त्याची बोटं मिटली. "नोट मी ठेवते. मला खरंच आवडली होती."

"आणि हा एक?"

वरदाचे डोळे भरले होते, पण आवाज डॉक्टरचा होता. "तेराव्याला वरचा एक नसतो, मिहीर."

खालून यशोधनने विचारलं, "किटली राहिलीय का वर?" वरदा म्हणाली, "हो, आणते."

रस्त्यापलीकडे कारपार्कच्या मशीनमध्ये मिहीरने तो डॉलर टाकला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मशीनने तो टणकन बाहेर टाकला. त्याने पुन्हा टाकला. पुन्हा टणकन.

मागे उभी असलेली म्हातारी गोरी बाई हळूच म्हणाली, "कार्ड घेतं हो ते, बाळा."

"माहितीये," मिहीर म्हणाला, आणि त्याने पुन्हा एकदा टाकून पाहिला.