आधी त्याची आई दाखवा

मी एक जुना पट्टा आहे. कुत्र्याच्या गळ्यात बांधायचा, जाड चामड्याचा, खिळ्यांची टोकं बाहेरच्या बाजूला आलेला. मला पाहून शहरातली मुलं बिचकतील. पण मित्रांनो, माझे खिळे कुणाला टोचावेत म्हणून नव्हते. आमच्याकडे उसात बिबट्या असतो आणि तो कुत्र्याला धरतो ते गळ्यालाच. तो गळा वाचावा, एवढ्यासाठी मला केलं होतं.

माझा जन्म घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात झाला. बन्सी नावाचे एक वयस्क कारागीर तिथे लिंबाखाली बसायचे. गाडीच्या बैलांच्या साजाचं जुनं चामडं कापून त्यांनी मला घडवलं. काम चालू असताना त्यांनी समोरच्या शेतकऱ्याला विचारलं, "कुत्रं केवढं हाय?"

शेतकऱ्याचं नाव सोपान. त्यांनी सदऱ्याची दोन बटणं काढून आतलं पिल्लू दाखवलं. बन्सी हसायलाच लागले.

"ह्याला पट्टा? पाव्हणं, ह्याला माझी अंगठी कंबरंत बसंल."

"वाढंल की. तुमी मोठाच बांधा."

ते पिल्लू सोपानरावांनी त्याच बाजारात निवडलं होतं. आमच्या भागात पिल्लू पारखायची एक रीत आहे. टोपलीतलं एकेक पिल्लू कानाला धरून उचलायचं. जे केकाटेल ते भित्रं. जे गप्प राहील ते धीट, तेच घरी न्यायचं. टोपलीतलं एकच पिल्लू गप्प राहिलं आणि सोपानरावांनी ते उचललं. त्यांची बायको भागिरथी दिवसरात्र कापसाच्या बोळ्यानं त्याच्या तोंडात दूध पिळत राहिली. आठवडा व्हायच्या आत ते गेलं. जातानाही ते केकाटलं नाही. ज्या गळ्यासाठी मला बांधलं, त्याला मी कधी लागलोच नाही.

त्यानंतर सोपानराव बाजारातून पिल्लू आणायला तयार होईनात. शेजारच्या वस्तीवर रतनबाईंची कुत्री व्याली होती. रतनबाई बजावून म्हणाल्या, "अंगावरचं दूध सुटू द्या, मंग न्या. तवर रोज येऊन बघा, पन हात न्हाई लावायचा." सोपानराव रोज संध्याकाळी जाऊन बसत. पिल्लं आईच्या अंगावर चढत, तिचे कान चावत, मार खात, शिकत. त्यातलं एक स्वतःहून त्यांच्या चपलेवर येऊन झोपू लागलं. तो हौशा. त्याच्या गळ्यात मी पुढे कितीतरी वर्षं राहिलो.

ते माझे चांगले दिवस होते. हौशा पळाला की माझी कडी वाजायची आणि भागिरथीबाई चुलीपासून ओरडायच्या, "आला बघा सरकार!" एकदा कडूसं पडताना, अंधारून येताना, उसाच्या कडेला बिबट्यानं हौशावर झेप घेतली. मला फक्त एक जोराचा दाब आठवतो आणि गरम श्वास. बिबट्याच्या तोंडाला खिळे लागले आणि त्यानं धरलेलं सोडलं. माझे दोन खिळे वाकले. दुसऱ्या दिवशी आसपासच्या वस्त्यांवरची माणसं ते वाकलेले खिळे बोटानं चाचपून बघायला आली. एखाद्या वस्तूला याहून मोठा मान काय मिळणार?

हौशा म्हातारा झाला. त्याच्या मानेवरचे केस गेले, तसं सोपानरावांनी मला काढून दाराआडच्या खुंटीला अडकवलं. मग एके दिवशी सोपानरावांच्या छातीत दुखलं. त्यांना गाडीत घालून नेलं. गाडी परत आली, तिच्यातून ते स्वतः उतरले नाहीत. हौशा तोंड रस्त्याकडे करून बांधावर बसू लागला. थंडी संपायच्या आत तोही गेला.

भेटायला येणाऱ्या बाया ओसरीवर बसून म्हणत, "भागिरथी लई धीराची. डोळ्यात टिपूस न्हाई." एकुलती एक मुलगी वृषाली लग्न झाल्यापासून राहात्याला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती. तिनं आईला सोबत चलण्याविषयी खूप विनवलं. आई म्हणाली, "गायी कोन बघंल?" शेवटी वृषालीनंही मानलं की आई धीराची आहे. तसं मानल्यावर तिला बसमध्ये चढणं जमलं.

मागे घरात आम्ही दोघं राहिलो, भागिरथीबाई आणि मी. रिकामं घर वस्तूंना माणसांपेक्षा जास्त ऐकू येतं. भांडं ठेवल्याचा आवाज, मग काही नाही. झाडू, मग काही नाही. बोलणं असं नाहीच.

उन्हाळ्याच्या सुट्टीत वृषाली आली. आईला एक कुत्रं आणून द्यायचंच, असं ठरवून आली होती. भागिरथीबाईंनी हातातलं काम न थांबवता सांगितलं, "ह्या घरात अजून एक मरन मला बघायचं न्हाई."

"नाही बघावं लागणार, आई. नीट पाहून आणू."

"तुझ्या बापानंबी पाहूनच आनलं हुतं पयलं."

मित्रांनो, कुत्रं कुठून आणायचं, एवढाच प्रश्न होता, पण साधा नव्हता. चुकीच्या ठिकाणाहून आणलेलं पिल्लू गेलं असतं, तर भागिरथीबाईंनी पुन्हा कुणालाच दारात उभं केलं नसतं.

शेजारचा गोरक्ष मोबाईल घेऊन आला. "काकू, ह्यो बघा. एकदम परदेशी. फोटो पसंत करायचा, घरपोच येतंय."

पांढऱ्या, झिपऱ्या पिल्लाचा फोटो भागिरथीबाईंनी लांब धरून पाहिला. "डोळ्यांवर केस. ह्याला बिबट्या तर सोड, मीबी दिसायची न्हाई. आन आपल्या उन्हात ह्यो शिजंल रं."

"मंग बाजारात चला. मी पारखून देतो."

वृषालीनं माप म्हणून मला पिशवीत टाकलं आणि इतक्या वर्षांनी मी घोडेगावच्या बाजारात गेलो. बन्सींची जागा रिकामी होती. बाजाराच्या टोकाला एक माणूस टोपलीत पिल्लं घेऊन बसला होता. गोरक्षनं जुन्या रीतीप्रमाणे एकेक पिल्लू कानाला धरून उचललं. चार केकाटली. पाचवं गप्प लोंबत राहिलं.

"ह्येच घ्या! धीर बघा केवढा. हूं न्हाई की चूं न्हाई."

"खाली ठेव त्याला," भागिरथीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बदलला होता, की गोरक्षनं लगेच ठेवलं. पिल्लू उभं राहिलं नाही. त्या मातीत बसल्या आणि त्यांनी त्याच्या पोटावर हात ठेवला. "गप बसनं म्हंजी धीर न्हवं, गोरक्ष. केकाटायलाबी अंगात ताकद लागती."

वृषालीनं आईकडे पाहिलं. मग विक्रेत्याला विचारलं, "यांची आई कुठे आहे? आधी ती दाखवा."

"ताई, पिल्लू घ्यायचंय का आईसंगं सोयरीक करायचीय?"

"आई पाहिल्याशिवाय नेणार नाही."

"आता कुठनं दावू? टेम्पोतनं आलीत. कुनाची कोन, मला काय ठावं!"

ती अजून दुधाची पिल्लं होती. बाजारात गुरांचे डॉक्टर होते, वृषालीनं त्यांना बोलावून आणलं. त्यांनी गप्प पिल्लाची पापणी उलटून पाहिली, विक्रेत्याला खडसावलं आणि टोपली दवाखान्यात न्यायला लावली. गप्प पिल्लू पुढे जगलं का, ते मला कळलं नाही.

परतताना भागिरथीबाई म्हणाल्या, "घेतलं असतं तर?"

"तर पुढच्या बाजाराला त्या माणसानं आणखी टोपल्या आणल्या असत्या."

"ते खरं. पन त्या पिल्लाचं काय?"

वृषालीनं मागे वळून दवाखान्याकडे पाहिलं.

मग वृषालीनं आईला राहात्याला नेलं. तिथे सत्यशीलाताई नावाच्या निवृत्त परिचारिका राहत. लोकांनी रस्त्यावर टाकलेली कुत्री त्या आपल्या अंगणात सांभाळत, त्यांना लस टोचून घेत आणि चांगली माणसं बघून देत. पण त्या कुत्रं दाखवायच्या आधी माणसालाच पारखत. दिवसभर बांधून ठेवणार का? बिबट्याच्या भागात रात्री कुठे झोपवणार? तुम्ही गावाला गेलात तर कोण बघणार? आजारी पडलं तर दवाखाना किती लांब?

भागिरथीबाई वैतागल्या. "बया! वृषीच्या लग्नात आमी सासरच्याला एवढं इचारलं न्हवतं."

"विचारायला हवं होतं," सत्यशीलाताई शांतपणे म्हणाल्या. तिघीही हसल्या. मग ताईंनी शेवटचा प्रश्न केला, "कुत्रं कशाला हवंय?"

"राखणीला," वृषाली म्हणाली.

"राखणीला कुलूप आणा. मी यांना विचारतेय."

भागिरथीबाईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "सांजच्याला भाकरी जादा व्हत्यात. हात थांबत न्हाई. मंग त्या भाकरीकडं बघत बसते. दीस दीस तोंड उघडत न्हाई मी. परवा कुनी हाक मारली, तर आवाजच फुटंना. म्हनलं, आपला आवाजबी त्यांच्यासंगंच गेला का काय."

वृषालीचा हात पिशवीत होता. तिनं मला घट्ट धरलं. माझे खिळे तिच्या तळव्यात रुतले असतील. तिनं हात सैल केला नाही.

सत्यशीलाताईंनी अंगणाचं फाटक उघडलं. आत तीन पिल्लं उड्या मारत होती. कोपऱ्यात एक तांबडी कुत्री पंजांवर हनुवटी टेकून पडली होती.

"ही यांची आई. दोन महिने झाल्याशिवाय मी पिल्लं हलवत नाही. आता तिन्हींची घरं ठरली आहेत, उद्या जातील."

"आन ही?"

"ही राहते. आई कुणालाच नको असते."

भागिरथीबाई पिल्लांकडे वळल्याच नाहीत. "माझं वय झालं. पिल्लू नेलं तर त्याच्या म्हातारपनी मी कुठं? ही चालंल मला." त्या कुत्रीपासून थोड्या अंतरावर जमिनीवर बसल्या. त्यांनी बोलावलं नाही, हात लावला नाही. बऱ्याच वेळानं तांबडी उठली, त्यांच्या पायांचा वास घेतला आणि पुन्हा पडली. पण या वेळी त्यांच्याजवळ.

निघताना वृषालीनं मला पिशवीतून काढलं. सत्यशीलाताईंनी माझी आतली बाजू दाबून पाहिली. "हा नको. चामडं कडक झालंय, गळा सोलून निघेल. आणि तिला रात्री घरातच घेणार आहात, मग खिळे कशाला?" त्यांनी एक मऊ, निळा पट्टा दिला. आणि बजावलं, "नाहीच जमलं तर मला फोन करा. रस्त्यावर सोडू नका."

मी पुन्हा दाराआड आलो. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. पण त्यांचं बोलणं बरोबर होतं.

तांबडी पहिले काही दिवस खाईना. पिल्लांची वाट पाहत रस्त्याकडे तोंड करून बसे. भागिरथीबाई तिच्याशेजारी जाऊन बसत आणि हळूहळू तिला सांगत. मालकांचं सांगत, हौशाचं सांगत, त्या पहिल्या पिल्लाचं सांगत. मी आतून ऐकत असे. एके दिवशी सांगता सांगता त्या मोठ्यानं रडल्या. तांबडी दचकून उठली आणि त्यांच्याकडे बघत उभी राहिली. त्या संध्याकाळी वृषालीचा फोन आला, तेव्हा त्या म्हणाल्या, "मला करमत न्हाई. रविवारी ये." वृषाली शनिवारीच आली.

मित्रांनो, कुत्रं आणावंसं वाटेल तेव्हा माझं एवढं ऐका. फोटो बघून आणू नका, टोपलीतून उचलू नका, कान ओढून पारखू नका. ते कुठे जन्मलं ते बघा. तुमच्या घरात त्याला वेळ देणारं कोण आहे, ते आधी बघा. त्याच्या आईला भेटा. आणि तुम्ही पिल्लू घेऊन निघालात, की मागे ती कुणाजवळ राहणार आहे, तेवढं विचारल्याशिवाय फाटक ओलांडू नका.