सिनेमात दम नाही

मी ट्रम्पेट आहे. माझा जन्म कारखान्यात झाला, पण वाजायला लागलो तो दादाच्या हातात. दादा दिवसभर गॅरेजात गाड्यांना सायलेन्सर बसवायचा आणि संध्याकाळी मला घेऊन बसायचा. आई म्हणायची, “दिवसभर जगाचा आवाज बंद करतोस, आणि घरी आल्यावर स्वतःचा सुरू.” पण भाजी चिरताना तिचा पाय ताल धरायचा. मी पाहिलंय.

मग एका जॅझवाल्यावर सिनेमा निघाला. युद्धात तळघरात लपलेल्या माणसांसाठी तो वाजवत राहतो, अशी गोष्ट. पडद्यावर मला ओठाला लावलं देखण्या नायकाने. त्याने नुसते गाल फुगवले. आवाज सगळा दादाचा, आधीच रेकॉर्ड केलेला. सिनेमा लागायच्या आतच दादा तापाने गेला.

दादाच्या धाकट्या भावाची शाळा लहानपणीच सुटलेली. तो ओळीखाली बोट ठेवून वाचतो. सिनेमाच्या शेवटी नावं सरसर वर गेली आणि दादाचं सापडेपर्यंत पडदा कोरा झाला. मग तो पेपरांतल्या परीक्षणांच्या मागे लागला. कुणीतरी दादाला ऐकलं असेल, एवढंच त्याला हवं होतं. एकाने लिहिलं, नायकाचे डोळे बोलतात. दुसऱ्याने लिहिलं, या युद्धापेक्षा आमच्या जिन्यातली भांडणं भयंकर असतात. ट्रम्पेटबद्दल चकार शब्द नाही.

तिसऱ्या पेपरात त्याचं बोट पहिल्याच ओळीवर अडलं. ‘सिनेमात दम नाही.’

आमच्या घरात दम म्हणजे श्वास. दादा रोज म्हणायचा, “सूर मागून येतो, आधी दम लागतो.” धाकट्याला वाटलं, हे दादाच्या श्वासावरच बोट ठेवलंय. त्याने मला काखोटीला मारलं आणि तडक पेपरचं ऑफिस गाठलं.

परीक्षण लिहिणाऱ्या बाई सफरचंद कापत होत्या.

“माझ्या दादात दम नव्हता म्हणता?”

“कोण दादा?”

“सिनेमात वाजवलंय तो. घ्या, तुम्हीच वाजवून दाखवा.”

बाईंनी खरंच फुंकलं. फुस्स. शेजारच्या टेबलावरचे खेळाच्या पानाचे लोक पोट धरून हसले.

“बघितलंत?”

“बघितलं. आता पुढची ओळ वाच.”

“नंतर वाचतो.”

“आत्ता वाच, बाळा.”

बोट हळूहळू सरकलं. ‘दम आहे तो ट्रम्पेटमध्ये. तळघरातल्या प्रसंगात मी डोळे मिटले, तेव्हा कुठे मला वाजवणारा दिसला.’

धाकट्याने ते पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्याने. खेळवाल्यांनी खुर्च्या इकडे वळवल्या.

“दिसला तुम्हाला?”

“दिसला.”

“कसा होता?”

“ओठ सुजलेला. पण खुशीत.”

“बरोबर,” धाकटा म्हणाला, आणि रडता रडता हसला. मग काय मनात आलं कोण जाणे, मला उचलून त्याने जीव खाऊन फुंकलं. गाढव जिन्यावरून घसरावं तसा आवाज निघाला.

“यावर मी काही लिहिणार नाही,” बाई म्हणाल्या आणि सफरचंदाची फोड त्याच्यापुढे धरली.

तेव्हापासून तो रोज मला घेऊन बसतो. आई कानात कापूस घालते, पण दार उघडं ठेवते. वरच्या काकू, समोरचे आजोबा, तुम्हाला एक विनंती आहे. मला तीन कळा आहेत, पोराला अजून एकही धड दाबता येत नाही. तोवर तुम्ही थोडी कळ काढा. खिडकी लावायची तर लावा. पण काल त्याचा एक सूर बरोबर लागला, तो तुमचा ऐकायचा राहिला.