ट्यूबवरचं कुंकू

हर्षद स्टुलावर चढला, माशांच्या टाकीवरचं झाकण उचललं आणि मोबाईल आईपुढं धरला. "आई, बघ बरं. दोन निळ्या नि दोन पांढऱ्या ट्यूबा घेऊ, की तीन निळ्या नि एक पांढरी?"

तुळजाबाईनं मान फिरवली. पावसाळ्यापासून या मेल्या टाकीपायी घरात चोरासारखं वागवलं, आणि आता म्हणे उजेड निवड!

महाडच्या त्या फ्लॅटात पोरानं समुद्र आणून ठेवला होता. खारं पाणी, रंगीत मासे आणि जिवंत कोरलं, म्हणजे प्रवाळ. कोरलं उन्हावर जगतात, आणि त्यांचं ऊन म्हणजे वरच्या चार ट्यूबा. वर्षभरानंही ट्यूब पेटते, पण तिच्यातला दम जातो, म्हणून बदलायची. हे सगळं हर्षदला शिकवलं विनीतनं. विनीत त्यांच्याच गावचा, कापड्याचा, शेजारच्या घरातला, तुळजाबाईच्या चुलीपुढं बसून मोठा झालेला. आता पनवेलला त्याचं माशांचं दुकान होतं. गेल्या शिमग्याला हर्षद कंपनीत असताना तोच नव्या ट्यूबा बसवून गेला. जाताना काकीच्या हातची भाकरी नि सुकट हाणून गेला, वर मागूनही घेतली.

पावसाळ्यात कोरलं तपकिरी पडली, एकेक करून मरायला लागली. विनीत आला. त्यानं आधी टाकीकडं बघितलं, मग देवघराकडं. "काकीच्या उदबत्तीचा धूर पाण्यात उतरतोय," म्हणाला. झालं! तेव्हापासून तिची उदबत्ती गॅलरीत, कपड्यांच्या दोरीखाली. दसऱ्याला ती हळदकुंकवाची वाटी घेऊन टाकीकडं गेली, तर हर्षद सुनेसमोर खेकसला, "हात लावू नकोस! तुझ्यामुळंच मेलीत ती." तिनं वाटी माघारी नेली. आपल्याच हातून पोराचं नुकसान झालं, असं तिलाही वाटायला लागलं, आणि ते तिला आतून खात होतं.

"बरं, दोन-दोनच घेतो," हर्षद म्हणाला आणि लांबी बघायला एक ट्यूब काढली. तिच्या टोकाच्या पत्र्यावर एक वाळका ठिपका होता. खाली हळद, वर कुंकू.

तुळजाबाई ताडकन उठली. आपल्या बोटाचा ठिपका आपल्याला ओळखू येणार नाही होय? विनीत नव्या ट्यूबा लावून गेला, त्याच्या आदल्या दसऱ्याला हर्षदनं जुन्या पुसायला काढल्या होत्या. गावी विळ्याकोयत्याला लावते तसं तिनं त्याच्या देखत त्यांनाही हळदकुंकू लावलं होतं. म्हणजे त्या मेल्यानं बदललंच नव्हतं काही! नव्या घेऊन गेला, जुन्याच परत बसवल्या, आणि माझ्या हातचं खाऊन खापर माझ्यावर फोडलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या आगीतही तिला हलकं वाटलं. तिच्या उदबत्तीनं काही मारलं नव्हतं.

हर्षदनं दुसरी ट्यूब काढली. तिच्यावरही ठिपका. त्याचा चेहरा उतरला. आता म्हणेल, आई, चुकलं माझं. ती वाट बघत राहिली.

त्यानं अंगठ्याला थुंकी लावली आणि दोन्ही ठिपके पुसले. मग फोन लावला.

"हां विनीत, ट्यूबांचं वर्ष झालं रे. दोन निळ्या, दोन पांढऱ्या आण. कोरलं ना? ते धुराचंच, तू म्हणालास तसं." फोन ठेवून तो तिच्याकडं न बघताच म्हणाला, "रविवारी येतोय तो. सुकट कर. आणि उदबत्ती बाहेरच हां, आई."

तुळजाबाई देवघराकडं वळली. देवघरातले टाक तिनं एकेक करून पदरात घेतले, उदबत्तीचा पुडा घेतला आणि पिशवी भरायला लागली.

"हे काय आता?" हर्षद स्टुलावरून उतरला.

"कापड्याला जाते. माझे देव नि माझा धूर घेऊन."

"अगं पण झालं काय?"

"विनीतनं केसानं गळा कापला, तो परका हाय. तू तर पोटचा रे! मित्र राखलास, आई नाय राखलीस."

"मी काय केलं?"

"अंगठा बघ तुझा," ती म्हणाली.

त्यानं बघितलं. अंगठा लाल झाला होता.