एकदाच मारलेला ठोसा

मी एक जुनी, फुटलेली एअरबॅग आहे. मित्रांनो, आमच्या कुळात आयुष्यभर घडी घालून बसायचं आणि एकदाच उघडायचं, तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत. कारखान्यात मला शिवलं, माझ्या पाठीला स्फोटाची पुडी लावली आणि स्टिअरिंगच्या मधोमध बसवलं. कुणाचं तरी तोंड वाचवायचं, एवढंच माझं काम होतं.

गाडी एका शिक्षिकाबाईंची. बाई इतक्या जपून चालवायच्या की माझ्यावर उघडायची वेळच आली नाही. उलट हॉर्नसाठी अकरा वर्षं माझ्याच डोक्यावर थापा! मग एक दिवस डॅशबोर्डवर माझ्या बिघाडाचा लाल दिवा लागला तो विझेना, आणि गाडी गॅरेजात आली.

गॅरेज दोघा भावंडांचं. ताई इंजिन बघायची, धाकटा बाळ्या वायरिंग. ताईचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. चावी बंद करायची, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची आणि दहा मिनिटं हात खिशात घालून थांबायचं. वायर सुटली तरी माझ्या कंट्रोल बॉक्समध्ये थोडा करंट उरतो आणि फुटायला मला तेवढाही पुरतो. त्यानंतरच माझ्या पिवळ्या कनेक्टरला हात लावायचा.

पण बॅटरी सुटली की रेडिओची स्टेशनं पुसली जातात. मागच्या खेपेला बाईंनी त्यावरून बाळ्याचं डोकं खाल्लं होतं. म्हणून या वेळी त्यानं लायटरच्या सॉकेटात एक छोटी बॅटरी खोचून ठेवली.

"वायर सोडलीस का रे?" ताईनं शेजारच्या गाडीखालून विचारलं.

"सोडली गं! दहा मिनिटंही झाली. तुझं आपलं रोज तेच!"

तो खोटं बोलत नव्हता. छोटी बॅटरी त्याच्या लेखी रेडिओची होती, म्हणून ती सांगायचं त्याला सुचलंच नाही. तिच्यामुळे सगळी गाडी जागी होती, हॉर्नची तारसुद्धा. मला वाचा असती तर मी बोंब ठोकली असती.

तो माझ्यावर ओणवा झाला आणि त्यानं मला बाहेर ओढलं. जिच्यामुळे दिवा लागला होता ती माझी घासून उघडी पडलेली तार हॉर्नच्या तारेला टेकली.

मी फुटले. झाकणाच्या चिंधड्या उडाल्या. मी त्याच्या तोंडावर आदळले, नाकाचं हाड मोडलं, चष्मा फुटून काच उजव्या डोळ्यात घुसली. हात स्टिअरिंगच्या चाकात अडकून मनगट कडकन मोडलं. धूर खाली बसला तेव्हा माझं पांढरं कापड रक्तानं भिजलं होतं.

"बाळ्या! अरे, बोल काहीतरी!"

"ताई, दिसत नाहीये गं..."

डोळा गेला. दोन महिन्यांनी बाळ्या गॅरेजात परतला, तेव्हा ताई मला कचऱ्यात फेकायला निघाली होती. त्यानंच मला तिच्या हातातून काढून घेतलं आणि बॅटऱ्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर खिळ्याला टांगलं. रक्ताचे डाग त्यानं धुऊ दिले नाहीत.

परवा त्याच बाई आल्या. "या वेळी तरी माझी स्टेशनं राहतील ना?" त्यांनी सवयीनं विचारलं आणि मग त्यांचं लक्ष बाळ्याच्या उजव्या डोळ्याकडे गेलं.

"जातील, बाई," तो शांतपणे म्हणाला. "मी बसून पुन्हा लावून देईन."

मित्रांनो, मला राग येत नाही आणि माणूसही ओळखता येत नाही. माझ्या समोर बसण्याआधी गाडीतला करंटचा प्रत्येक रस्ता बंद करा. मी आयुष्यात एकच ठोसा मारला, आणि तो माझं दुखणं बघायला आलेल्या माणसाला लागला.