केझायाने फुली मारली नाही

मित्रांनो, मी इंग्लंडमधल्या लँकशायरच्या कापडगिरणीतला एक जुना धोटा आहे. मागावर आडवा धागा इकडून तिकडे न्यायचा, एवढेच माझे काम. त्याला अक्कल लागत नाही, म्हणून मी ते चोख केले.

माझ्या पोटात सुताची कांडी बसवत आणि माझ्या बारीक भोकाला तोंड लावून सुताचे टोक श्वासाने बाहेर ओढत. केझाया दिवसातून तीनशे वेळा मला तोंड लावी. ती उत्तम विणकरीण होती. मुकादमही तिचे कौतुक करी, अर्थात तिच्या पाठीमागे.

कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून येई. तिथे तो गुलाम वेचत. पुढे गुलामीवरूनच तिथे यादवी पेटली, गुलामीच्या विरोधातल्या उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि इकडे आमची गिरणी बंद पडली. केझायाने मला ॲप्रनमध्ये गुंडाळून घरी नेले.

दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत घरातला पलंगही विकला गेला. तिची आई, म्हातारी टॅबिथा, गवतावर खोकत पडली होती. तेव्हा एक गृहस्थ अर्ज घेऊन आले.

"आपल्या आरमाराने जाऊन ती बंदरं उघडावीत, असा अर्ज आहे. खाली सहीच्या जागी फुली मारा, बाई. कापूस येईल. आणि फुली मारणाऱ्याला पोतंभर कोळसा आजच."

"मार गं पोरी," टॅबिथा म्हणाली. "तत्त्वांनी काय चूल पेटते?"

"आई, परवा सभेत तो पळून आलेला गुलाम बोलला ना, तो कापूस वेचायचा. त्याची बोटं पाहिली मी. त्याच्याच हातच्या कापसाचा धागा बारा वर्षं तोंडाने ओढलाय."

"मग आता थुंकणार काय?"

"हो. साहेब, परत न्या तो कोळसा."

"मागाहून रडाल, बाई."

"रडेन की. पाणी घरचंच आहे."

टॅबिथा हसली, मग बराच वेळ खोकली. फेब्रुवारीच्या थंडीत ती गेली. मला तिचे फार वाईट वाटते.

पुढे हिंदुस्थानातून, तुमच्याच काळ्या मातीतला, आखूड धाग्याचा कापूस आला आणि गिरणी पुन्हा सुरू झाली. तो सारखा तुटे. केझाया त्याला शिव्या घालत विणत राही. आता मी एका शाळेच्या कपाटात धूळ खात पडलो आहे.

मित्रांनो, कपडे जपून वापरा. सदरा उसवला तर फेकू नका, शिवा. आणि तो कुणाच्या हातून आला, हे विचारत जा. केझायाने विचारले तेव्हा घरात चूल थंड होती आणि आई मरायला टेकली होती. तुमची तर पोटे भरलेली आहेत.